टीपॉयच्या काचेवरचे चरे घरच्या घरी जातात का?

कुंडीवाली

लोकहो, आधी गुन्हा कबूल करते, मग प्रश्न विचारते.

घरी एक टीपॉय आहे. चार लाकडी पाय आणि वर गोल काच, ८ मिलिमीटर जाडीची. पायांच्या मधे खाली फळी वगैरे काही नाही, काच नुसती अधांतरी. तिच्यावर एक मातीची कुंडी असते. झाड आता चांगलंच फोफावलंय, त्यामुळे कुंडी जड. गेल्या आठवड्यात पुसताना ती उचलायचा कंटाळा केला आणि सरळ सरकवली. कर्रर्र! दात आंबले अगदी. कुंडी बाजूला केली तर खाली वीतभर लांब चरा.

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण काचेच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या स्टिकरचा गोंद चिकटून बसला होता. हातात फडकं होतंच, म्हटलं हेही उरकून टाकू. आधी हिरव्या खरखरीत घासणीने घासलं, मग तारेच्या घासणीने. गोंद गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा कळलं की गोंदाबरोबर काचेची कळाही गेली. तळहाताएवढा भाग धुरकट झालाय आणि त्यावर राखाडी रेघोट्या आहेत, लहान मुलाने पेन्सिलीने गिरगोट्या काढाव्यात तशा.

मग सगळे करतात तेच केलं. टूथपेस्ट. एकदा नाही, तीनदा. दर वेळी तीच गंमत: ओल्या फडक्याने पुसलं की काच लख्ख, चरे गायब, मी खूश. पाच मिनिटांत काच वाळली की सगळे हजर. तिसऱ्या वेळी तर वाटलं काच माझी थट्टा करतेय.

हे चरे घरी जाण्यातले आहेत का? की काच बदलणं हाच उपाय? हाताने करण्यासारखं असेल तर वेळ द्यायची तयारी आहे. आणि हो, ‘कुंडी सरकवायची नव्हती’ हे मला घरच्यांनी सांगून झालंय.

हौशी_मिस्त्री

टूथपेस्टनेच जातात. तुमची जेल असेल, ती चालत नाही, पांढरीच हवी. माझ्या जुन्या मनगटी घड्याळाची काच इतकी खराब झाली होती की आकडे दिसत नव्हते. पांढरी टूथपेस्ट, मऊ कापड, दहा मिनिटं गोल गोल घासलं, नव्यासारखी! तुम्ही कमी घासत असाल. जोर लावा.

आळशी_उपाय

काच गोल आहे ना? उलटी करून ठेवा. खालची बाजू कोरीच असणार. पाच मिनिटांचं काम.

दुर्बीणवेडा

कुंडीवाली ताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही गंमत म्हणून लिहिली आहे: ओली असताना चरे दिसत नाहीत, वाळली की दिसतात. आधी त्यावर बोलतो, मग उपायावर येतो. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

थोडी ओळख देतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, पण हौस म्हणून दुर्बिणीचे आरसे हाताने घासतो. आजवर तीन केले. सपाट जाड काच घ्यायची, कार्बोरंडमच्या भरड पुडीने घासून तिला खोलगट आकार द्यायचा, मग बारीक पूड, त्याहून बारीक पूड, आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने पॉलिश. थोडक्यात, काचेला मुद्दाम लाखो चरे पाडायचे आणि मग महिनाभर बसून ते घालवायचे. घरचे याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

तर, चरा दिसतो कशामुळे? काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळतो त्याचं माप, साधारण १.५२, हवेचा १. हा फरक मोठा, म्हणून चऱ्याच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. त्यात पाणी भरलं की, पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने, फरक पुष्कळ कमी होतो आणि कडा मावळतात. पाणी उडून गेलं की पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे तीनही वेळा जी जादू झाली ती पाण्याची होती. टूथपेस्ट नुसतीच फुकटचं श्रेय घेऊन गेली.

टूथपेस्टने काच का झिजत नाही, तेही सोपं आहे. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी केली. जो पदार्थ दुसऱ्यावर चरा पाडतो तो पट्टीवर वर. त्या पट्टीवर बोटाचं नख अडीच, टूथपेस्टमधला कॅल्शियम कार्बोनेट ३, दातावरचं आवरण ५ आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. आता बघा, टूथपेस्ट बनवणाऱ्याची पहिली काळजी ही की दाताचं आवरण झिजता कामा नये. जी वस्तू ५ वाल्याला सांभाळून घासायला बनवली आहे ती साडेपाचवालीचं काय वाकडं करणार? खाण्याचा सोडा तर अडीचच. तो लावून घासलं की काच स्वच्छ होते, मळ निघतो, आणि मळ निघाल्यावर काही रेघा फिक्या वाटतात. तेवढंच.

मिस्त्री, तुमच्या घड्याळाचं खरं आहे, खोटं म्हणत नाही. पण ती काच नव्हती. जुन्या घड्याळांवर बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिक. ते इतकं मऊ की टूथपेस्टने पॉलिश होतं. म्हणूनच हा उपाय इतका पसरला आहे. ज्यांचं प्लास्टिक होतं त्यांनी ‘काचेवर चालतं’ असं सांगितलं.

आता ताईंची काच. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळ्या भानगडी आहेत, आणि तिघींना औषध वेगळं.

पहिली, राखाडी रेघोट्या. माझ्या मते हे चरे नाहीतच! तारेच्या घासणीतलं साधं पोलाद बहुधा काचेपेक्षा मऊ असतं. अशी तार काचेवर दाबून घासली की काच कापली जाण्याऐवजी तार झिजते आणि धातूचा अगदी पातळ थर काचेवर लागतो. पेन्सिलीसारखं दिसतं म्हणालात ना, ते शब्दशः तसंच आहे. पेन्सिल तरी काय करते, स्वतः झिजून कागदावर उरते. नख फिरवून बघा, काहीच लागणार नाही. यावर ऑक्झॅलिक आम्ल असलेलं, गंजाचे डाग काढायचं क्लीनर लावा. ओलं करून मऊ फडक्याने चोळा, दोन मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने पुसून घ्या. हातमोजे घाला, आणि ते ब्लीचमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका.

दुसरी, धुरकट भाग. हा खराखुरा ओरखड्यांचा आहे. हिरव्या घासणीत बऱ्याचदा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि तो पदार्थ मोस पट्टीवर ९. काचेला तो सहज खरडतो. पण घासणी हाताने चालवलेली, त्यामुळे चरे पुष्कळ असले तरी उथळ. हे घरी जातं.

तिसरी, कुंडीची करामत. भाजलेल्या मातीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, पट्टीवर ७. आणि वर जड कुंडीचा सगळा भार एखाद्या कणावर. अंधारात टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि नखाचं टोक त्या चऱ्यावर आडवं फिरवा. नख अडलं तर तो घरी काढायच्या फंदात पडू नका. का, ते पुढे सांगतो.

धुरकट भागासाठी सेरियम ऑक्साइड घ्या. फिकट गुलाबी किंवा बदामी रंगाची पूड असते, काचेच्या पॉलिशसाठी म्हणूनच विकतात. हा पदार्थ काचेपेक्षा फारसा कठीण नाही, तरीही काचेला पॉलिश करतो, कारण नुसतं खरडत नाही. पाण्याने काचेचा अगदी वरचा थर किंचित मऊ होतो, सेरियमचे कण त्या थरातल्या सिलिकाशी रासायनिक बंध जोडतात आणि तो थर अलगद ओढून नेतात. म्हणून पाणी हवंच. कोरडं घासाल तर काच नुसती तापेल.

करायचं असं. काच आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, एकही कण राहता कामा नये. धुरकट भागाच्या मागच्या बाजूने मार्करने घेर आखा, कारण एकदा लेप लावला की कुठे घासायचं ते कळत नाही. पूड पाण्यात कालवा, पातळ रंगाइतकी दाट. कालवताना मास्क घाला, पूड उडते. जाड फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचा, तुकडा एखाद्या सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवा, तो ओला करा, लेप लावा आणि घासत सुटा. कधी गोल, कधी उभं, कधी आडवं, एकाच रेषेत नाही. वाळायला लागलं की पाण्याचे थेंब टाका. दर पंधरा मिनिटांनी पुसून, पूर्ण वाळवून, टॉर्चने बघा. ओल्या काचेवर विश्वास ठेवू नका, तो धडा तुम्ही शिकलाच आहात.

हाताने तळहाताएवढ्या भागाला दोन तास सहज जातील. बॅटरीवर चालणारं ड्रिल आणि त्याला फेल्टची चकती मिळाली तर काम खूप लवकर होतं. मात्र वेग कमी ठेवा, जोर लावू नका, आणि एका जागी थांबू नका. मधे मधे तळहात लावून बघा. काच कोमट लागली की थांबायचं, गार होऊ द्यायचं. एकाच ठिकाणी तापली तर तडकते. पाण्याचं काम आहे, त्यामुळे वायरवालं ड्रिल नको.

आता नख अडणाऱ्या चऱ्याबद्दल. चरा घालवणं म्हणजे चरा भरणं नव्हे. आजूबाजूची सगळी काच चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायची, तेव्हा तो जातो. लोक फक्त चऱ्यावर घासत बसतात. मग चरा जातो आणि तिथे उथळ खळगा उरतो, आणि तो खळगा भिंगासारखं वागतो. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब बघाल तर त्या ठिकाणी सरळ गज वाकलेले दिसतील. चऱ्यापेक्षा ते जास्त खुपतं. माझ्या पहिल्या आरशाला शेवटी शेवटी एक चरा पडला. चार रात्री झोप नाही. मग एका जुन्या जाणत्याने सांगितलं की तसाच ठेव. ठेवला. चंद्रावरची विवरं त्यातून आजही तितकीच स्वच्छ दिसतात.

नेलपॉलिशचं कुणीतरी विचारेलच. पारदर्शक नेलपॉलिशचा अपवर्तनांक काचेच्या बराच जवळ असतो, त्यामुळे चऱ्यात भरलं तर पाण्यासारखाच परिणाम होतो आणि ते उडून जात नाही. पण ते पिवळं पडतं, पुसताना सुटतं, आणि अॅसिटोनने निघतं. पाहुणे येणार असतील तर ठीक.

अवांतर: सपाट काच मुळात गुळगुळीत निघायला लागली ती अलीकडे. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवतात, ती आपोआप सपाट होते. त्याआधी आरशाच्या दर्जाची काच हवी तर दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करावी लागे, बहुतेकदा लोखंडाच्या लाल ऑक्साइडने. ती लाल पूड मी एकदा वापरली आहे. काच छान झाली, पण मी, टेबल आणि मांजर तिघेही आठवडाभर लाल होतो.

आणि हो, उलटी करायची कल्पना वाईट नाही. खोल चरा खाली गेला की निदान हाताला लागणार नाही.

काचवाला

उलटी करू नका. बाकी दुर्बीणवेडा यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, हे शेवटचं सोडून.

तीस वर्षं काच कापतोय. काच कापणं म्हणजे काय? चाकाच्या कटरने एक रेघ मारायची. ती रेघ किती खोल? नखाला जेमतेम लागेल इतकी. मग रेघ वर ठेवून दोन्ही बाजू खाली दाबायच्या. वाकताना वरचं अंग ताणलं जातं, रेघ उघडते, टक्क. ८ मिलिमीटरची काच एवढ्याशा रेघेवर सरळ तुटते. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण आला की चऱ्याच्या टोकाशीच एकवटतो.

आता टीपॉय बघा. काच पायांवर टेकलेली, मधे अधांतरी. मधे वजन ठेवलं की काच खाली वाकते. ताण कुठे? खालच्या अंगाला. कुंडीचा चरा सध्या वर आहे, तिथे दाब येतो, चरा मिटलेला राहतो. काच उलटी केली की तोच चरा ताणाच्या बाजूला गेला. वर कुणी कोपर टेकून बसलं तर? तुम्हीच तुमच्या हाताने कापायची रेघ मारून ठेवलीत असं समजा.

काचेखाली पूर्ण फळी असती तर उलटी करा, सुलटी करा, काही बिघडत नाही. तुमच्याकडे फळी नाही.

चरा काचेच्या कडेपर्यंत गेलाय का ते बघा. कडेपर्यंत गेला असेल तर काच बदला, विचार करत बसू नका. मधेच संपत असेल तर वर आहे तसा राहू द्या. काचेवर कडेजवळ ‘टफन्ड’चा, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेचा, बारीक शिक्का आहे का तेही बघा. टफन्ड काचेच्या दोन्ही अंगांना दाबाचा थर असतो, जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका. वरवरच्या पॉलिशने त्याला काही होत नाही. पण खोल चरा त्या थराच्या पलीकडे गेला तर अख्खी काच एका क्षणात दाणे दाणे होते.

दुर्बीणवेडा

काचवाले दादा, चूक मान्य. दुर्बिणीच्या आरशाच्या पाठीला सगळीकडून आधार असतो, त्यामुळे ताणाचा विचार डोक्यातच आला नाही. ताई, ‘उलटी करा’ रद्द.

हौशी_मिस्त्री

घड्याळ आत्ता तपासलं. कडेला नखाने दाबलं तर चक्क वाकतंय. प्लास्टिकच! पंधरा वर्षं काच समजून जपत होतो.

बरं, मग हे सेरियम मोबाइलच्या स्क्रीनवर चालेल का? आणि गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरने अर्धगोल चरे पडलेत, तिथे?

काचवाला

गाडीची पुढची काच घरी घासू नका. दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर अशी ती असते. वरची काच एका ठिकाणी कमी-जास्त झाली की समोरचं वाकडं दिसतं, आणि रात्री समोरून दिवे आले की डोळ्यांपुढे नुसता चकचकाट. वायपरचं रबर बदला, नवे चरे पडायचे थांबतील. जुन्यांचा फार त्रास होत असेल तर काच बदलून घ्या.

खिडक्यांच्या काही काचांना उष्णता अडवणारा लेप असतो, तो वरच्या अंगाला असेल तर पॉलिशने जातो. आरशाचं वेगळंच. काळी रेघ दिसते पण पुढून नखाला काहीच लागत नाही, म्हणजे चरा मागच्या लेपाला आहे. पुढून जन्मभर घासलंत तरी जाणार नाही.

दुर्बीणवेडा

मोबाइलवर नको. त्या काचेवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून अगदी पातळ थर दिलेला असतो, सेरियम आधी तोच काढून टाकेल. मग स्क्रीन कायम तेलकट. शिवाय पॉलिशचं पाणी स्पीकरच्या भोकातून आत जाणार. चश्म्यालाही नको, हल्ली बहुतेक चश्मे प्लास्टिकचे आणि वर लेप. कॅमेऱ्याच्या लेन्सला तर हातही लावू नका.

सरळ नियम असा धरा: साधी, लेप नसलेली, जाड काच असेल तरच. टेबल, कपाटाची दारं, काचेची फिशटँक. फिशटँक काचेचीच आहे ना ते मात्र बघा, अॅक्रिलिकच्याही असतात. आणि घासायची ती रिकामी करूनच.

कुंडीवाली

सगळ्यांचे आभार, आणि हा घ्या वृत्तान्त.

राखाडी रेघोट्यांबद्दल दुर्बीणवेडा यांचा अंदाज तंतोतंत. क्लीनर लावून चोळलं, फडकं काळसर झालं आणि रेघोट्या गेल्या. वाळल्यावरही गेलेल्याच! अर्धा तास काचेसमोर बसून राहिले, परत येतात का बघायला. आल्या नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी मी आठवडाभर स्वतःला कोसत होते त्यातलं अर्धं तर नुसतं मळ होतं.

धुरकट भागाने मात्र घाम काढला. पहिल्या दिवशी हाताने चाळीस मिनिटं घासलं. वाळवून टॉर्च मारला तर मला काहीच फरक दिसेना. तसाच सोडून दिला असता, पण मार्करने आखलेल्या घेराचा मी फक्त अर्धाच भाग घासला होता आणि दोन्ही अर्धे शेजारी शेजारी बघितल्यावर कळलं की फरक आहे. न घासलेल्या बाजूला टॉर्चचा उजेड पसरून कापसासारखा दिसत होता, घासलेल्या बाजूला मधे थोडी काळी, स्वच्छ काच डोकावत होती. त्या तेवढ्याशा काळ्या फटीवर दुसरा दिवस काढला.

दुसऱ्या दिवशी दादाचं बॅटरीचं ड्रिल आणलं. हळू चालवलं, दर मिनिटाला तळहात लावला. सगळं झकास चाललं होतं आणि मधेच फोन आला म्हणून फेल्टची चकती क्षणभर जमिनीवर ठेवली. परत सुरू केलं तर दहा सेकंदांत काचेवर केसासारखी बारीक, गोलाकार अशी नवी कोरी रेघ. जमिनीवरचा एक कण, बस. चकती धुतली तरी भरवसा वाटेना, शेवटी नवीन फेल्ट लावलं आणि तो भाग पुन्हा पहिल्यापासून. त्या रेघेला वीस मिनिटं गेली. आता चकती खाली ठेवायचीच असेल तर धुतलेल्या ताटलीत, तीही पालथी नाही.

एकूण हिशेब, हाताने दीड तास आणि ड्रिलने पाऊण. सकाळच्या तिरप्या उन्हात मुद्दाम शोधलं तर दोन-चार रेघा सापडतात. न शोधता दिसत नाहीत. खिडकीचे गज सरळ दिसतात, तेही तपासलं. एक सांगायचं राहिलं, लेपाचे शिंतोडे लाकडी पायांवर उडाले आणि वाळून रेषांमध्ये बसले. दात घासायच्या जुन्या ब्रशने काढतेय, अजून निघताहेत. आधीच पायांना कागद गुंडाळला असता तर बरं झालं असतं.

कुंडीच्या चऱ्याला नख अडतं. एका जागी तर असं अडतं की टक्क असा आवाजही येतो. कडेपर्यंत गेलेला नाही, दोन्ही टोकं काचेतच संपतात. शिक्का कुठेही सापडला नाही. काचवाले दादा म्हणाले तसं काच उलटी केली नाही, चरा वरच आहे. त्याला मी आता हात लावणार नाही.

उरलेल्या फेल्टचे चार गोल तुकडे कापून कुंडीच्या बुडाला चिकटवलेत आणि कुंडी परत तिथेच ठेवली आहे, बरोबर चऱ्यावर. मधोमध छान दिसते आणि चरा झाकला जातो.

काचवाला

जड कुंडी मधोमध ठेवू नका, सगळ्यात जास्त वाक तिथेच येतो. एखाद्या पायाजवळ घ्या.

आणि या वेळेला उचलून.